जुन्नरहून राज्य चालवणाऱ्या मलिक अंबरने खडकीत शहर कसं वसवलं?

जुन्नरला येणारे बहुतेक जण शिवनेरी बघून परत फिरतात. पण 1607 च्या सुमारास हे गाव निजामशाहीची राजधानी झालं होतं. कोकणातला माल नाणेघाट चढून इथेच यायचा. कारभार बघत होता मलिक अंबर, इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस.

त्याने महसुलाचे मक्ते बंद केले. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम भरायचा आणि रयतेकडून मनमानी वसुली करायचा. अंबरने जमीन आणि पीक बघून सारा ठरवला. लोकांच्या हातात पैसा उरला तरच बाजार भरतो, साधं गणित.

1610 च्या सुमारास राजधानी दौलताबादला गेली. जवळच्याच खडकीत त्याने नवं शहर वसवलं. मालपुरा, खेलपुरा, विठापुरा हे पुरे तर मराठा सरदारांच्या नावाचे!

1616 मध्ये मुघल फौजेने खडकीची राखरांगोळी केली. अंबरने शहर सोडलं नाही. उलट नहर-ए-अंबरी बांधून डोंगराकडचं पाणी जमिनीखालून वस्तीत आणलं. 1621 मध्ये मुघल पुन्हा आले, पुन्हा नासधूस झाली.

1626 मध्ये अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. खडकीचं पुढे औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर. नहरीचं पाणी मात्र त्यानंतर कित्येक पिढ्या शहर पीत राहिलं.