डॉ. राजा रामण्णा आणि इंदूरचे क्ष-किरण

डॉ. राजा रामण्णा यांचे नाव निघाले की बहुतेकांना १८ मे १९७४ चा पोखरणचा अणुस्फोट आठवतो. मी भोपाळच्या टी. टी. नगरात राहणारा, मला ते आठवतात ते इंदूरमुळे.

त्यांचा जन्म २८ जानेवारी १९२५ रोजी तुमकूर येथे झाला. तेव्हा त्यांच्यावर पहिला हक्क आपल्या कन्नड विभागाचा! मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकून व लंडनच्या किंग्ज कॉलेजात डॉक्टरेट मिळवून ते १९४९ मध्ये मुंबईस डॉ. भाभांच्या टाटा संशोधन संस्थेत आले. पुढे तुर्भ्याच्या भाभा केंद्राचे संचालक व १९८३ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. या सगळ्या व्यापात पियानो मात्र सुटला नाही.

त्यांच्याच कारकिर्दीत, फेब्रुवारी १९८४ मध्ये, इंदूरला प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसली. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकाने वळविले की ते किरण फेकतात. तत्त्व एवढेच, पण खरी परीक्षा शलाकेच्या गुणवत्तेची. झुबक्यातले इलेक्ट्रॉन सतत पांगू पाहतात. शलाका जितकी बारीक व कमी फाकणारी, तितके किरण प्रखर. नळीत हवेचा अंश राहिला तर इलेक्ट्रॉन त्यावर आपटून गळतात. चुंबक केसभर जरी वाकडा बसला तरी कक्षा बिघडते. म्हणून शलाका कोठून जाते हे ठिकठिकाणी मोजून लहान चुंबकांनी तिला जागेवर आणावे लागते. तंबोरा लावून झाला तरी मैफलभर त्याच्याकडे कान ठेवावाच लागतो, तसेच हे. रामण्णांसारख्या संगीतवेड्याला हे काम जवळचे वाटले असावे, असा आपला माझा तर्क.

इंडस-१ हे यंत्र १९९९ मध्ये सुरू झाले. परीघ जेमतेम १९ मीटर, ऊर्जा ४५ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट. कठोर क्ष-किरणांसाठी हवे होते १७२ मीटर परिघाचे, २५० कोटी व्होल्टांचे इंडस-२. त्यात शलाका स्थिरावण्यापूर्वीच, २४ सप्टेंबर २००४ रोजी, रामण्णा मुंबईत निवर्तले.

पोखरणविषयी मते दोन असतील, आमच्या घरातही आहेत. इंडस-२ च्या किरणांत मात्र प्रथिनांच्या स्फटिकांची रचना उलगडते, आणि मला त्यांचे हे काम मोठे वाटते. केंद्राला २००५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. इंदूरकर मात्र अजून त्याला ‘कॅट’च म्हणतात.