खाँसाहेब अब्दुल करीम खाँ : कैरान्याचा सूर, मिरजेची माती

शेणव्यात आमच्याकडे एखाद्या पोराचा गळा गोड निघाला की घरात दोन मतं पडतात. शिकवावं का गाणं? अशा वेळी आम्हाला मरहूम खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आठवतात.

१८७२ साली उत्तरेतल्या कैरान्यात जन्म. बडोद्याच्या दरबारात गायले, मग महाराष्ट्रात आले आणि मिरजेचेच झाले. बोली उर्दू, पण मराठी नाट्यपदंही त्यांनी आपलीशी केली. ख्यालाच्या जोडीला ठुमरी आणि नाट्यपद, म्हणजे शास्त्र न कळणाऱ्यालाही धरायला काहीतरी मिळे. १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. शिष्य तिथंच राहायचे, जेवायचे. खर्चासाठी तिकीट लावून जलसे व्हायचे. टिपू नावाच्या कुत्र्यालाही त्यांनी सुरात आवाज काढायला शिकवलं होतं म्हणे! सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य, आणि सवाई गंधर्वांचे भीमसेन जोशी.

संसार मात्र मोडला. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलं गायिली, नाव मोठं केलं, पण हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने म्हणून. बापाचं नाव मागंच राहिलं. हे आम्हाला फार लागतं.

२७ ऑक्टोबर १९३७. पाँडिचेरीला जाताना तब्येत बिघडली, सिंगपेरुमलकोइल स्टेशनवर उतरले. नमाज अदा केली, दरबारीच्या सुरात कलमा गायला, आणि तिथंच इंतकाल झाला, असं सांगतात. दफन मिरजेत, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात. उर्सात आजही तिथं गायक हजेरी लावतात. मिरजेला गेलात तर फातिहा पढून या.