मेंडेलीव्ह आणि भूगर्भातील तेल

दिमित्री मेंडेलीव्हचा जन्म १८३४ साली सायबेरियातील तोबोल्स्क ह्या गावी झाला. वडील मुख्याध्यापक होते. परंतु त्यांची दृष्टी गेली आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. काचेचा कारखाना चालवून तिने मुलांना वाढविले. पुढे पती वारला, कारखानाही आगीत भस्मसात झाला. तरीही ह्या धाकट्या मुलाला शिकवायचेच, असा त्या माउलीचा निर्धार होता. सुमारे २,००० किलोमीटरांचा खडतर प्रवास करून ती त्याला मॉस्कोस व तेथून सेंट पीटर्सबर्गला घेऊन गेली. १८५० साली त्याला तेथे प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी तिने देह ठेवला.

१८६९ साली मेंडेलीव्हने मूलद्रव्यांची सुप्रसिद्ध आवर्त सारणी मांडली. तिच्यात त्याने अज्ञात मूलद्रव्यांसाठी जागा रिकाम्या सोडल्या. १८७५ साली गॅलियम सापडले, तेव्हा त्याचा तर्क किती अचूक होता हे जगाला कळले.

ह्याच बुद्धीने तो खनिज तेलाकडे वळला. कास्पियन समुद्राकाठच्या बाकू येथील तेलाचे झरे त्याने १८६३ साली पाहिले होते; १८७६ साली तो अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरी पाहून आला. तेल पर्वतरांगांच्या कडेने आढळते, असे त्याच्या ध्यानात आले. पर्वत उचलले जाताना भूपृष्ठास भेगा पडतात. त्यांतून पाणी खोल झिरपते, तेथील तप्त लोह व कार्बन यांच्या संयुगाशी त्याचा संयोग होतो, आणि उत्पन्न झालेली वाफ वर येऊन थिजली की तेल होते, असे मत त्याने १८७७ साली मांडले. कार्बनयुक्त लोखंडावर आम्ल ओतले असता तेलासारखे पदार्थ निघतात, हा प्रयोग त्याच्या बाजूचा होता. हे मत खरे ठरते, तर तेल पृथ्वीच्या पोटात सतत निपजत राहिले असते!

भूशास्त्रज्ञांना मात्र ते पटेना. तेल बहुधा गाळाच्या खडकांतच सापडते. समुद्रातील सूक्ष्म जीव मरून तळाच्या चिखलात गाडले जातात आणि लक्षावधी वर्षांच्या उष्णतेने व दाबाने त्यांचे तेल होते, असे त्यांचे म्हणणे होते. १९०७ साली मेंडेलीव्हचे निधन झाले, तेव्हाही हा वाद संपला नव्हता. १९३० नंतरच्या दशकात आल्फ्रेड ट्राइब्स ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञास तेलात हरितद्रव्यापासून उत्पन्न झालेली संयुगे आढळली. पाने हिरवी दिसतात, ती ह्याच हरितद्रव्यामुळे. लोखंड आणि पाणी यांच्यापासून ते कोठून येणार?

तरीही काहींची आशा सुटली नाही. १९८६ साली स्वीडनमध्ये ग्रॅनाइटचा खडक भेदण्यास आरंभ झाला. छिद्र ६ किलोमीटरांहून खोल गेले. पण विकण्याजोगे तेल काही लागले नाही.