असोद्याची लेक

बहिणाबाई चौधरी म्हटले की बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातली कविता आठवते. मला मात्र एक कर्जाचा अर्ज आठवतो. तो मी नामंजूर केला होता.

जळगावजवळच्या असोदा गावी, महाजनांच्या शेतकरी घरात, १८८० साली बहिणाबाईंचा जन्म झाला. वडील उखाजी, आई भिमाई, तीन भाऊ, तीन बहिणी. मुलीने शाळेत जावे असे ते दिवसच नव्हते. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरींशी लग्न झाले आणि मोठ्या घराचा रगाडा अंगावर पडला. पहाटे घरोटावर दळण, मग चूल, मग शेत. आमच्या खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. ऐन तिशीत वैधव्य आले. पदरी ओंकार, सोपान आणि काशी. ओंकारला तर प्लेगने कायमचे अधू केलेले. पण बाईंचे हात थांबले नाहीत, आणि हातांबरोबर ओठांवरचे गाणेही थांबले नाही.

त्यांना अक्षर येत नव्हते. दळताना, निंदताना सुचेल ते त्या गात. सोपानदेव आणि त्यांचे एक मावसभाऊ जमेल तेवढे वहीत उतरवून घेत. बाकीचे वाऱ्यावर गेले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही भीतभीतच आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे चकित झाले. १९५२ साली पुस्तक निघाले आणि महाराष्ट्राला आपली एक थोर कवयित्री कळली. २०१८ साली तर जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. जगाच्या लेखी जे बायकांचे दळणकांडण, त्यात केवढे धन होते!

आता माझ्या अर्जाची गोष्ट. १९८९ च्या हिवाळ्यात मी त्या भागात बँकेत अधिकारी होतो. असोद्याची एक बाई कर्ज मागायला आली. असोद्याच्या वांग्यांचे भरीत सगळ्या खानदेशात नावाजलेले. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडग्याने ठेचायची, वर लसूण-मिरची आणि कांद्याची पात. हे काम ती घरी रोजच करीत असे. लोकांनी वांगी आणून द्यावीत, आपण भाजून-ठेचून द्यावे आणि मजुरी घ्यावी, असा तिचा बेत होता. त्यासाठी दोन मोठ्या कढया आणि एक छप्पर, एवढेच तिला हवे होते.

व्यवसायाच्या रकान्यात मी घरकाम असे लिहिले. तारण काही नव्हतेच. जे काम घरोघर फुकट होते त्याला पैसे कोण देणार, असेही मी तिला ऐकवले. बचत गटांना बँकांशी जोडण्याची नाबार्डची योजना १९९२ साली आली, म्हणजे नियमाची ढाल मला होतीच. पण खरे सांगायचे तर आडवा आला तो नियम नव्हे, माझी नजर आडवी आली. बहिणाबाई मला तोंडपाठ होत्या, आणि त्यांच्याच गावची बाई समोर उभी असताना मला तिचे काम दिसले नाही.

तिने भिशीचे पैसे उचलून काम सुरू केले. थंडीतल्या भरीत पार्ट्यांच्या ऑर्डरी येऊ लागल्या. पुढे जळगावात भरीत केंद्रे ठिकठिकाणी निघाली. २०१६ साली जळगावच्या भरीताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

माझी बदली होण्याआधी ती बाई पुन्हा आली, या वेळी बचत खाते उघडायला. फॉर्म मीच भरत होतो. व्यवसायाचा रकाना आला तसा माझा हात थांबला. काही न विचारताच तिने सांगितले, भरीत लिहा साहेब.

मी लिहिले.