अंतराळातील अपुरा वर्ग

‘चॅलेंजर’ दुर्घटनेचा विषय निघाला की सात अंतराळवीरांपैकी ख्रिस्टा मॅकॉलिफ यांचे नाव हटकून आठवते. त्या वैमानिक नव्हत्या, शास्त्रज्ञही नव्हत्या. शाळेत सामाजिक शास्त्रे शिकवणाऱ्या शिक्षिका होत्या.

२ सप्टेंबर १९४८ रोजी बोस्टन येथे जन्मलेल्या ख्रिस्टा यांचे बालपण फ्रेमिंगहॅम येथे गेले. तेथूनच १९७० मध्ये पदवी घेऊन त्यांनी अध्यापनाचा पेशा पत्करला. न्यू हॅम्पशायरमधील काँकर्डच्या शाळेत त्यांनी अमेरिकन स्त्रीविषयी स्वतंत्र अभ्यासक्रम आखला. इतिहास सामान्य माणसांच्या जगण्यातूनही घडतो, अशी त्यांची धारणा होती. शिक्षकाला अंतराळात पाठवण्याची योजना १९८४ मध्ये जाहीर झाली आणि ११ हजारांहून अधिक अर्जदारांतून १९ जुलै १९८५ रोजी त्यांची निवड झाली.

यानातून त्या दूरचित्रवाणीद्वारे दोन पाठ देणार होत्या. त्याच यानात विद्यार्थ्यांनी आखलेले तीन प्रयोगही होते. त्यांतील एक होता अर्धपार्य पडद्याच्या साहाय्याने लेड आयोडाइडचे स्फटिक वाढवण्याचा. पृथ्वीवर गुरुत्वाकर्षणामुळे द्रावणात प्रवाह निर्माण होतात, जड कण तळाशी बसतात आणि स्फटिकांच्या रचनेत दोष राहतात. जवळजवळ वजनरहित अवस्थेत रेणू संथपणे पसरतात. त्यामुळे स्फटिक अधिक मोठे व निर्दोष होतील, अशी अपेक्षा होती.

२८ जानेवारी १९८६ रोजी कडाक्याच्या थंडीत यानाने उड्डाण केले. उजव्या अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडे थंडीने ताठरले होते. तेथून तप्त वायू बाहेर पडला आणि अवघ्या ७३ सेकंदांत यानाचे तुकडे झाले. थंडीच्या धोक्याचा अभियंत्यांनी आदल्या रात्री दिलेला इशारा डावलला गेला होता. काँकर्डच्या शाळेत विद्यार्थी आपल्या बाईंचे उड्डाण दूरचित्रवाणीवर पाहत होते. ख्रिस्टा तेव्हा ३७ वर्षांच्या होत्या. मागे पती आणि दोन लहान मुले होती.

सप्टेंबर १९८८ मध्ये ‘डिस्कव्हरी’ने अवकाशयानांची उड्डाणे पुन्हा सुरू केली, तेव्हा स्फटिकांचा तो प्रयोग त्यात होता. ख्रिस्टा यांच्या राखीव सहकारी शिक्षिका बार्बरा मॉर्गन २००७ मध्ये अंतराळात गेल्या. ख्रिस्टा यांनी योजलेल्या काही पाठांचे प्रात्यक्षिक २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर झाले. ते करणारे दोन्ही अंतराळवीर पूर्वी शिक्षकच होते. बाईंचा अपुरा राहिलेला वर्ग असा ३२ वर्षांनी भरला.