वाळू वाचणारा माणूस

सिल्लोडहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आजही अधूनमधून एखादी जुनी जीप भेटते. १९४९ मध्ये महिंद्रने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढची कित्येक वर्षे ही चौकोनी गाडी तहसीलदारापासून मिरचीच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या कामी आली. आमच्या भागात तिची खरी परीक्षा पाऊसच घेई. काळ्या मातीत चाक एकदा रुतले, की इंजिनाने कितीही आरडाओरडा केला तरी गाडी आणखी खालीच जाते. मग कुणीतरी बांधावरच्या पऱ्हाट्या आणतो, चाकाखाली पसरतो आणि गाडी हळूच वर येते. इथल्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवलेले नाही. ते त्याला मातीने शिकवले आहे.

माझ्या पुतण्याने अशीच एक जुनी फोर-व्हील जीप घेतली आहे. येत्या हिवाळ्यात मित्रांबरोबर ती जैसलमेरच्या वाळूत न्यायचा त्याचा बेत आहे. गाडीत करायच्या बदलांची यादी त्याने मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली. रुंद टायर, टपावर लोखंडी कॅरियर, दिव्यांची रांग, पुढे जाडजूड बंपर! खर्चाचा आकडा ऐकून त्याचे वडील गप्प झाले. आईने मात्र एकच गोष्ट विचारली, पाणी किती नेणार? यादीत पाणी नव्हतेच. तेव्हा मला राल्फ बॅग्नोल्ड आठवला. मोटार घेऊन वाळवंटात जाणाऱ्या प्रत्येकाने ज्याचे ऋण मानावे, असा हा माणूस.

बॅग्नोल्डचा जन्म ३ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्ट येथे झाला. वडील लष्करात इंजिनिअर. बहीण एनिड पुढे ‘नॅशनल व्हेल्व्हेट’ या कादंबरीमुळे नावारूपाला आली. राल्फनेही वडिलांचीच वाट धरली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलातले खंदक त्याने पाहिले. युद्ध संपल्यावर केंब्रिजला जाऊन त्याने इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले आणि तो पुन्हा सैन्यात परतला. नेमणूक झाली इजिप्तमध्ये. कैरोतले इतर अधिकारी सुट्टीत पोलो खेळत, तर हा मित्रांना घेऊन फोर्ड मोटारीतून वाळवंटात शिरे. १९२८ मध्ये त्याची बदली हिंदुस्थानात, वायव्य सरहद्दीवर झाली. तरीही रजा काढून तो पुन्हा त्याच वाळूकडे धावला. ध्यास म्हणतात तो हाच.

त्या काळी लिबियाच्या वाळवंटातला वाळूचा महासागर मोटारीने ओलांडता येणार नाही, असे जाणकार सांगत. शंभर-शंभर मीटर उंचीच्या टेकड्या, मैलोन् मैल एकामागून एक. आणि बॅग्नोल्डच्या हाती काय होते? साधी फोर्ड, तीही फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारी. आज आपण ज्याला फोर-व्हील म्हणतो, ते तिच्यात नव्हतेच.

मग त्याने गाडीत काय बसवले? मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की त्याने आधी बरेच काही काढून टाकले. टप गेला, काच गेली, जड सांगाडा गेला आणि त्या जागी सामानासाठी लाकडी पेटी आली. वजनाचा प्रत्येक शेर वाळूत चाक खाली ओढतो, हे त्याने ओळखले होते. जे वजन न्यायचेच, ते पाण्याचे आणि पेट्रोलचे. पाटे तेवढे जादा घालून मजबूत केले.

दुसरा प्रश्न रेडिएटरचा. उन्हात, खालच्या गिअरमध्ये चढताना पाणी उकळे आणि वाफ होऊन उडून जाई. माणसाच्या तोंडचे पाणी इंजिन पिऊन टाकत होते. बॅग्नोल्डने रेडिएटरच्या तोंडातून एक नळी काढून ती गाडीच्या बाजूला ठेवलेल्या डब्यात सोडली. डब्यात थोडे पाणी असे. वाफ त्या पाण्यात शिरून गार होई आणि इंजिन थंड झाले, की तेच पाणी आपोआप रेडिएटरमध्ये परत ओढले जाई. एक डबा आणि एक नळी, एवढेच. आजच्या मोटारींमधली पाणी परत घेणारी बाटली याच तत्त्वावर चालते.

तिसरा प्रश्न दिशेचा. मोटारीच्या लोखंडामुळे होकायंत्र बहकते. त्याने सूर्याच्या सावलीवर चालणारे होकायंत्र वापरले. आडव्या तबकडीवर एक उभी सुई, तिची सावली अंशांच्या खुणांवर पडे. सूर्य सरकतो, म्हणून तबकडी ठराविक वेळाने फिरवायची. गाडी न थांबवता दिशा धरता येऊ लागली.

आणि रुतलेल्या चाकाचे काय? कैरोतल्या एका भंगाराच्या दुकानात त्याला लोखंडी पन्हाळ्यांसारख्या लांब पट्ट्या मिळाल्या. महायुद्धात खंदकांच्या छपरांसाठी बनवलेल्या त्या पट्ट्या चाकापुढे टाकल्या, की गाडी त्यांवर चढून बाहेर येई. आमच्या पऱ्हाट्यांचेच हे लोखंडी भावंड! टायरमधली हवा कमी केली, की टायर पसरतो, भार जास्त जागेवर वाटला जातो आणि चाक रुतत नाही, हेही त्याला अनुभवाने कळले. मात्र कठीण रस्त्याला लागताच हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फाटतो.

पण यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. बॅग्नोल्ड वाळू वाचायला शिकला. टेकडीची वाऱ्याकडची बाजू वाऱ्याने दाबून घट्ट झालेली असते, तर पलीकडची सुमारे ३३ अंशांनी कोसळणारी बाजू भुसभुशीत असते. म्हणून वाऱ्याकडून वेगाने चढायचे. पण माथ्यावर वेग आवरला नाही, तर गाडी पलीकडे कोसळते. १९३२ मध्ये त्याच्या तुकडीने लिबियाचे वाळवंट मोटारीने पूर्व-पश्चिम ओलांडले. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले.

१९३५ मध्ये तो सैन्यातून निवृत्त झाला. पण युद्धाने त्याला परत बोलावले. जहाजांच्या टकरीमुळे प्रवास खंडित होऊन तो योगायोगाने इजिप्तमध्ये उतरला. तिथे सेनापती होते जनरल वेव्हेल, जे पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आले. १९४० मध्ये त्यांनी बॅग्नोल्डला तुकडी उभी करायला दिली आणि सहा आठवड्यांत लाँग रेंज डेझर्ट ग्रुप तयार झाला. न्यूझीलंडचे जवान आणि दीड टनी शेव्रोले ट्रक. त्यांचेही दरवाजे आणि काचा काढलेल्या, त्यांनाही तोच डबा, तीच नळी. पुढे भारतीय सैन्याची एक लाँग रेंज स्क्वॉड्रनही या दलाबरोबर वाळवंटात होती. हौसेने मिळवलेले ज्ञान असे लढाईच्या कामी आले.

तरी त्याचे मन वाळूच्या कणातच होते. निवृत्तीनंतर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये त्याने वाऱ्याचा बोगदा उभारून त्यात वाळू उडवून पाहिली. कण उड्या मारत जातात आणि पडताना दुसऱ्या कणांना उडवतात, हे त्याने मोजमापांनिशी मांडले. १९४१ मध्ये त्यावरचा ग्रंथ आला, १९४४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. २८ मे १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, तो वारला.

आपल्याकडे नोंदणीपत्राशी न जुळणारे बदल गाडीत करणे कायद्यालाही मान्य नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी बॅग्नोल्डचा हिशेब घराघरांत सांगण्यासारखा आहे. आधी पाणी, मग वजन कमी, मग टायरची हवा, चाकाखालच्या पट्ट्या आणि सोबतीला दुसरी गाडी. दिव्यांची रांग सर्वांत शेवटी; नसली तरी चालेल. यातल्या बऱ्याचशा गोष्टींना पैसा कमी आणि विचार जास्त लागतो.

मंगळावर ‘क्युरिऑसिटी’ यानाने वाळूच्या ज्या टेकड्या जवळून तपासल्या, त्यांना बॅग्नोल्डचे नाव दिले आहे. ज्या माणसाने मोटारीचा टप काढून वाळू समजून घेतली, त्याचे नाव आज दुसऱ्या ग्रहाच्या वाळूवर आहे. आणि वाळवंटाचा पहिला नियम इथल्या काळ्या मातीचाही आहे. गाडी बदलण्याआधी जमीन ओळखावी.