मल्लवीर खाशाबा जाधव

कल्याण स्टेशनांतून रोज रात्रीं महालक्ष्मी एक्स्प्रेस घाट चढून पुण्याकडे जाते व पहांटे कराड मागें टाकून कोल्हापुराकडे वळते. ठाणें, डोंबिवली व कल्याण येथील आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचीं आजोळें याच मार्गावर आहेत. सुटींत ते याच गाडीनें जातात. परंतु कराडच्या अगदीं लगत गोळेश्वर नांवाचें एक खेडें आहे आणि स्वतंत्र भारताला ऑलिंपिक सामन्यांतील पहिलें वैयक्तिक पदक त्या खेड्यांतील एका शेतकऱ्याच्या मुलानें मिळवून दिलें, हें त्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या खाशाबा दादासाहेब जाधव यांचें चरित्र यंदाच्या अंकांत द्यावें असें आम्हांस वाटलें. आपल्या मुलखांत अजिंक्य असलेला मल्ल परदेशच्या आखाड्यांत उतरला म्हणजे त्याला बळाखेरीज आणखी काय काय लागतें, हें या चरित्रांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच कोठें दिसेल.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं झाला. वडील दादासाहेब हे स्वतः नामांकित पैलवान. त्यांच्या पांच मुलांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरांतच तालमीचा नाद असल्यामुळें पांचव्या वर्षीं त्यांनीं लंगोट कसला, आणि आठव्या वर्षीं त्या भागांतील एका नांवाजलेल्या मल्लास दोन मिनिटांत चीत केलें, असें सांगतात. अंगानें ते ठेंगणे व सडपातळ होते. पाहणाऱ्यास ते पैलवान वाटतच नसत, आणि या गोष्टीचा त्यांना जन्मभर कधीं तोटा तर कधीं फायदा झाला. सन १९४० ते १९४७ या काळांत त्यांचें शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलांत झालें. मध्यंतरीं १९४२ चें आंदोलन आलें. भूमिगत कार्यकर्त्यांस आसरा देणें, त्यांच्या चिठ्ठ्या पोहोंचविणें, हीं कामें या शाळकरी मुलानें केलीं.

पुढें ते कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत गेले. कोल्हापूर म्हणजे मल्लविद्येचें माहेरघर. शाहू छत्रपतींनीं तेथें गांवोगांवच्या मल्लांस आश्रय दिला, परदेशीं रोम येथील प्राचीन रंगभूमि पाहून आल्यावर खासबागेचें विशाल मैदान बांधविलें, आणि १९१२ सालीं तें खुलें झालें. अशा गांवांत येऊनहि खाशाबांचा आरंभ मात्र अपमानानेंच झाला. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेंत नांव देण्यास ते गेले, तेव्हां त्यांची अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनीं त्यांना परत पाठविलें. खाशाबा वाद न घालतां प्राचार्यांकडे गेले, परवानगी घेऊन आले आणि आपल्याहून धिप्पाड असे गडी एकामागून एक त्यांनीं पाडले. बाबूराव बलवडे व बेलापुरे गुरुजी हे त्यांचे वस्ताद. ‘ढाक’ हा खाशाबांचा हुकमी डाव होता. प्रतिपक्ष्याची मान बगलेंत धरून, आपलें अंग वळवून, त्याला जमिनीवर फेकावयाचें. या डावांत वजनापेक्षां वेळ साधण्यास महत्त्व असतें. ठेंगण्या माणसानें तो आपलासा करावा यांत नवल नाहीं.

सन १९४८ मध्यें लंडन येथें ऑलिंपिक सामने भरले आणि खाशाबांची निवड झाली. प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनीं उचलला. आतां येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. आपल्याकडील कुस्ती मातीवरची. हौदांतील तांबड्या मातींत तेल, ताक, हळद मिसळून ती मऊ करतात. पायाची बोटें तींत रुततात, त्यांचा आधार मिळतो. पाठ जमिनीला लागली कीं निकाल झाला. मग त्याला दोन मिनिटें लागोत कीं दोन तास. ऑलिंपिकमधील कुस्ती ही गादीवरची. पायांत बूट, घड्याळाचा कांटा डोक्यावर, आणि पाठ लागली नाहीं तरी पकडी व फेकीचे गुण मोजून पंच निकाल देणार. वजनांचे गट निराळे, नियम निराळे. जन्मभर मातींत घोटलेला पाय गादीवर घसरतो, आणि ज्या गोष्टीस आपण केवळ आरंभींची झटापट समजतों तिच्यावर प्रतिपक्षी गुण घेऊन जातो.

लंडनमध्यें खाशाबांना गादीवरच्या कुस्तीचे धडे दिले ते रीस गार्डनर नांवाच्या एका अमेरिकन मार्गदर्शकानें. अमेरिकेंत कुस्ती हा शाळा-कॉलेजांतील नित्याचा खेळ आहे. तेथील विद्यापीठांचे राष्ट्रीय सामने १९२८ पासून होत आलेले आहेत. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला कीं गादी, शिक्षक व नियमांचें पुस्तक हीं तिन्हीं त्याच्या हाताशीं असतात, आणि म्हणून ऑलिंपिकला गेलेला अमेरिकन मल्ल तेथील वातावरणास बावरत नाहीं. त्याच वर्षीं लंडनला अमेरिकेच्या ग्लेन ब्रँड व हेन्री विटेनबर्ग यांनीं सुवर्णपदकें मिळविलीं. खाशाबांच्या हातीं मात्र थोड्या दिवसांची शिकवण होती. तेवढ्या शिदोरीवर त्यांनीं सर्वांत हलक्या गटांत ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला हरविलें, आणि ज्या देशाच्या शिक्षकानें त्यांना शिकविलें त्याच देशाच्या बिली जर्निगनलाहि हरविलें. इराणच्या मन्सूर रईसीपुढें ते हरले व त्यांना सहावा क्रमांक मिळाला. 

परत आल्यावर त्यांनीं चार वर्षें एकच ध्यास घेतला. अंगावर वजन चढविलें आणि ५२ किलोचा गट सोडून ५७ किलोच्या गटांत ते उतरले. सन १९५२ चे सामने फिनलंडची राजधानी हेल्सिंकी येथें व्हावयाचे होते. त्यांच्या निवडीसाठीं मद्रास येथें झालेल्या सामन्यांत खाशाबा एका गुणानें मागें पडल्याचें जाहीर झालें. तो एक गुण आपणांस जाणूनबुजून दिला गेला नाहीं अशी त्यांची तक्रार होती. भारतीय ऑलिंपिक संघाचे अध्यक्ष पतियाळाचे महाराज यांच्याकडे त्यांनीं दाद मागितली. महाराज खेळाचे खरे चाहते. त्यांनीं पुन्हां कुस्ती लावून दिली, आणि या वेळीं खाशाबांनीं गुणांचा प्रश्नच शिल्लक ठेवला नाहीं, प्रतिपक्ष्याची पाठच लावली.

निवड झाली, पण जावयाचें कसें? सरकारकडे त्यांनीं ४,००० रुपयांची मागणी केली. सामने झाल्यावर या, अशा अर्थाचें उत्तर त्यांना मिळालें. सामने झाल्यावर तिकिटाच्या पैशांचा उपयोग काय, हें आमच्या चौथीच्या विद्यार्थ्यासहि कळेल. मग गोळेश्वरांत वर्गणी सुरू झाली. कुटुंबीयांनीं व गांवकऱ्यांनीं जमेल तें दिलें. ज्यांच्या घरीं पीक आल्यावरच रुपया दिसे अशा लोकांनीं समुद्रापलीकडच्या, नांवहि नीट उच्चारतां न येणाऱ्या एका शहरासाठीं गांठीचे पैसे सोडले. तरीहि रक्कम पुरेना. तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवलें आणि ७,००० रुपये आपल्या विद्यार्थ्याच्या हातांत दिले. खाशाबा जिंकतील अशी त्यांना खात्री होती काय? कुस्तींत अशी खात्री कोणालाच नसते. हरून आले असते तर घर गेलें असतें, आणि हें दोघांनाहि ठाऊक होतें. जगांतील कोणताहि मल्ल त्या वर्षीं हेल्सिंकीच्या गादीवर इतकें ओझें खांद्यावर घेऊन उतरला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

हेल्सिंकीला त्या वर्षीं स्पर्धा विशेष कठीण होती, कारण सोव्हिएट रशिया प्रथमच ऑलिंपिकमध्यें उतरला होता. खाशाबांनीं कॅनडाच्या मल्लास पंधरा मिनिटांची कुस्ती संपत आली असतां चीत केलें. मेक्सिकोच्या मल्लास त्याहून पुष्कळ लवकर अस्मान दाखविलें. जर्मनीच्या मल्लावर पंचांच्या बहुमतानें विजय मिळविला. त्यानंतर त्यांची गांठ जपानच्या शोहाची इशीशीं पडली. ही कुस्ती अत्यंत चुरशीची झाली. याकोबानें पहांट होईपर्यंत झुंज दिल्याची कथा आमच्या विद्यार्थ्यांनीं शास्त्राच्या तासाला ऐकलेलीच आहे. झुंज संपल्यावर अंगांत काय उरतें याची त्यावरून कल्पना करावी. इशी गुणांवर जिंकले आणि पुढें सुवर्णपदकाचे मानकरी झाले.

दोन कुस्त्यांमध्यें मल्लास अर्धा तास विश्रांति मिळावी असा नियम होता. पण खाशाबांना लगेच रशियाच्या रशीद मम्मदबेयोव्ह याच्याशीं लढण्यास बोलाविण्यांत आलें. नियम बोट ठेवून दाखवील, पंचांपाशीं हरकत घेईल, असा एकहि भारतीय अधिकारी त्या वेळीं तेथें हजर नव्हता. खाशाबा थकल्या अंगानें गादीवर चढले आणि हरले. अर्धा तास मिळता तर ते जिंकलेच असते असें आम्ही म्हणत नाहीं. मम्मदबेयोव्ह हा मोठा मल्ल होता व त्यालाच रौप्यपदक मिळालें. परंतु ज्याच्यासाठीं साऱ्या गांवानें वर्गणी काढली व एका प्राचार्यानें घर गहाण टाकलें, त्याच्या वतीनें दोन वाक्यें बोलणारा माणूस ऐन वेळीं जवळ नसावा, ही गोष्ट मनाला लागून राहते. अमेरिकन किंवा रशियन मल्लाच्या पाठीशीं तेव्हांहि शिक्षक उभा असे.

२३ जुलै १९५२ रोजीं खाशाबांना तिसऱ्या क्रमांकाचें कांस्यपदक मिळालें. कोल्हापूरचेच केशव माणगावे त्यांच्याहून वरच्या गटांत चौथे आले. त्या गटांतील कांस्यपदक अमेरिकेच्या जोसाया हेन्सनकडे गेलें. एका जिल्ह्यांतील तालमींत घडलेले दोन मल्ल एकाच वेळीं जगांत तिसरे व चौथे ठरले, ही त्या तांबड्या मातीची थोरवी. पण दुसऱ्याच दिवशीं, २४ जुलैला, आपल्या हॉकी संघानें सुवर्णपदक जिंकलें. वर्तमानपत्रांचे रकाने साहजिकच तिकडे वळले आणि खाशाबांचें पदक त्या जल्लोषांत झांकून गेलें.

कराडकर मात्र विसरले नाहींत. त्यांनीं शंभराहून अधिक बैलगाड्या जुंपून आपल्या मल्लाची मिरवणूक काढली. स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंतच्या लहानशा वाटेला त्या दिवशीं सात तास लागले म्हणतात. मिरवणूक आटोपल्यावर खाशाबांनीं कोणतें काम हातीं घेतलें? कोल्हापुरांत त्यांनीं कुस्त्यांचा फड लावला, स्वतः उतरले, जिंकले, आणि आलेली रक्कम नेऊन प्राचार्य खर्डेकरांस दिली, कीं त्यांचें घर मोकळें व्हावें. पदकापेक्षां या गोष्टीनें त्यांची योग्यता आम्हांस अधिक पटते.

सन १९५५ मध्यें ते पोलीस खात्यांत फौजदार म्हणून दाखल झाले. लंडनला सुवर्णपदक जिंकणारे विटेनबर्ग हेहि न्यूयॉर्कच्या पोलीस दलांतलेच होते, ही एक मौजेची जुळणी. खात्याच्या स्पर्धा जिंकीत, तरुण शिपायांस शिकवीत खाशाबांनीं सत्तावीस वर्षें नोकरी केली व सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळें पुन्हां ऑलिंपिकला जाणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. निवृत्तिवेतनासाठीं त्यांना झगडावें लागलें. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई सामन्यांत ज्योत घेऊन धांवणाऱ्यांत त्यांचा समावेश झाला, एवढाच काय तो त्यांच्या हयातींतील मोठा सन्मान. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला.

त्यांच्यामागून वैयक्तिक ऑलिंपिक पदक भारताला मिळालें तें थेट १९९६ सालीं, टेनिसपटु लिअँडर पेस यांच्या हातून, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनीं. कुस्तींतील पुढचें पदक यावयास २००८ साल उजाडावें लागलें. शासनानें खाशाबांना अर्जुन पुरस्कार दिला तो २००० चा, त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांच्या हिशेबाचा. दिल्लींतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलाच्या कुस्तीगृहास त्यांचें नांव २०१० सालीं देण्यांत आलें. गोळेश्वरांतील त्यांच्या घराचें नांव ‘ऑलिंपिक निवास’ असें आहे. कराड स्टेशनवर उतरून विचारल्यास तिकडची वाट कोणीहि दाखवील.